दोघांचे छायाचित्र

एका माणसाचे छायाचित्र काढणे सोपे नसते. पण दोन माणसांचे मिळून एक छायाचित्र काढणे हे त्याहून पुष्कळ अवघड काम आहे. एकटा मनुष्य कॅमेऱ्यासमोर बसला, की त्याचा चेहरा, त्याची बसण्याची ढब आणि डोळ्यांतील भाव यांकडे नीट लक्ष दिले म्हणजे निदान निम्मे काम होते. नवराबायको समोर येऊन उभी राहिली, की चेहरे दोन होतात आणि त्यांच्याबरोबर एक तिसरी वस्तूही येते, जिला चेहराच नाही. ती म्हणजे त्या दोघांमधले नाते. टिपावयाचे असते ते नेमके हेच, आणि भिंग तर त्याच्यावर रोखता येत नाही.

दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून लग्नकार्य निघाले, की माझ्या या छंदाची आठवण होते. त्या निमित्ताने या व्यवसायातील तरुण मंडळीही भेटतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘काका, जोडप्यांच्या फोटोंसाठी नव्या कल्पना आणायच्या तरी कुठून?’ प्रश्न प्रामाणिक असतो. त्यांच्या भ्रमणध्वनीत शेदोनशे नमुने साठवलेले असतात. नवरा एका गुडघ्यावर बसला आहे. वधू पाठमोरी धावत असून तिचा पदर वाऱ्यावर आहे. दोघांनी बोटे जुळवून बदामाचा आकार केला आहे. मागे रंगीत धूर सोडला आहे. लोधी बागेत हिवाळ्याच्या सकाळी पाहावे, तर एकामागून एक जोडपी एकाच कमानीखाली येतात आणि तोच बदाम करून निघून जातात. त्या तरुणांना स्वतःलाच याचा कंटाळा आलेला असतो, आणि म्हणून ते आणखी शंभर नमुने शोधू लागतात.

हा उसनवारीचा व्यवहार नवा आहे असे मात्र समजू नये. 1839 साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, आणि पुढल्या पंधरा वर्षांतच, म्हणजे 1854 साली, मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या मुंबईतील नामांकित छायाचित्रकार. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन याने शहरातील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 साली काढले. त्यांत माणसे एका जागी टिपून त्यांच्या मागे दुसऱ्याच जागेची पार्श्वभूमी जोडून दिलेली आहे. अस्सल माणसे आणि उसने आकाश, असा तो प्रकार. आजचा धूर आणि आजची भाड्याची मोटार यांचे मूळ तेथे सापडते.

त्या काळच्या अवघडलेपणाला निदान कारण होते. काचेवर प्रकाश पडून प्रतिमा उमटावयास काही सेकंद लागत, तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आकडा लावीत. यजमान खुर्चीवर, पत्नी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, शेजारी तिपाईवर फुलदाणी, आणि दोघांच्या चेहऱ्यावर श्वास कोंडून धरल्याचा भाव. घरोघरच्या भिंतींवर ही जोडपी आपण पाहिलेली आहेत. शिवाय स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर उभे करणे हेच दुरापास्त होते. दादासाहेब फाळके यांच्या 1917 सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच गृहस्थांनी केल्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे! आज सेकंदाच्या पाचशेव्या भागात छायाचित्र निघते, मानेमागचा आकडा गेला आहे, स्त्रिया निःसंकोचपणे उभ्या राहतात. तरीही आकड्याची जागा नमुन्याने घेतलीच.

कल्पना हवी असेल, तर मी या तरुणांना कार्ल्यास जाण्याचा सल्ला देतो. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरलेली स्त्रीपुरुषांची भव्य जोडपी आहेत. यांतील एक जोडपे कोरविण्याचे दान एका भिक्षूने दिल्याचा लेख तेथेच आहे. संसार सोडलेल्या माणसाने संसारी जोडप्याचे चित्र करवून घ्यावे, ही मला मोठी हृद्य गोष्ट वाटते. ती जोडपी काही विशेष करीत नाहीत. शेजारी शेजारी उभी आहेत. कोणाचा हात सोबत्याच्या खांद्यावर सहज टेकला आहे, कोणी एका पायावर भार दिला आहे. पण उभे राहण्याची ती पद्धत अशी, की दोघांतले एक काढून घेतले तर दुसऱ्याचा तोल जावा! वेरूळला याच्या पुढची पायरी आहे. तेथे शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेली आहेत, आणि उठून जाऊ पाहणाऱ्या पार्वतीला शिव हात धरून थांबवीत आहे. कोण जिंकले, कोण रुसले, हे त्या एका हातात आले. शिल्पकाराने त्यांना प्रेमाचा अभिनय करावयास सांगितलेले नाही. त्याने त्यांना एक काम दिले आणि काम चालू असताना पाहिले.

माझ्या समजुतीप्रमाणे कल्पना अशीच येते. त्या दोघांच्या रोजच्या व्यवहारातून येते, आणि ती दोघे ज्या भूमीवर उभी आहेत त्या भूमीतून येते. पहिली गोष्ट बहुतेकांना पटते. दुसरी पटावयास वेळ लागतो, कारण जागेकडे आपण पडद्यासारखे पाहतो. उत्तर हिंदुस्थानातील जोडप्यांच्या आवडत्या पार्श्वभूमी कोणत्या म्हणाल, तर लोधी सुलतानांच्या कबरी, हुमायूनची कबर आणि ताजमहाल. सगळी थडगीच! हुमायूनची कबर त्याच्या विधवेने बांधविली आणि ताजमहाल मुमताजच्या पतीने. म्हणजे दोहोंच्या मुळाशी जोडप्यातले एक माणूस मागे उरल्याचे दुःख आहे. फोटो काढून घेणाऱ्यांच्या ते ध्यानीमनीही नसते. 1992 साली ब्रिटनची युवराज्ञी डायना ताजमहालासमोरील बाकावर एकटीच बसली, आणि ते छायाचित्र जगभर गाजले. त्यात नवरा नव्हता, हाच त्याचा विषय झाला. जागा बोलली ती अशी.

आणि जागा बोलते याचा मराठी माणसाला सर्वांत अधिक अनुभव कोठे येत असेल, तर तो काला अंब येथे.

दिल्लीपासून उत्तरेस सुमारे 90 किलोमीटरांवर पानिपत शहर आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आता त्या जिल्ह्याचाही समावेश होतो. हातमागाच्या कापडासाठी, खेसासाठी, गालिच्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. शहराबाहेर सुमारे 8 किलोमीटरांवर काला अंब. 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊंची सेना आणि अहमदशहा अब्दालीची सेना यांचा जो संग्राम झाला, त्याचे स्मारक तेथे आहे. विटांचा एक स्तंभ, त्याभोवती लोखंडी कठडा, आणि सभोवार हिरवळ राखलेली बाग. येथे पूर्वी एक आंब्याचे झाड होते आणि रणातील रक्ताने त्याची पाने काळी पडली, अशी आख्यायिका आहे. ते झाड पुढे राहिले नाही; त्याच्या लाकडाची दारांची एक जोडी कोणी करवून घेतली असे सांगतात. दरवर्षी 14 जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे येथे येतात, आणि आपण त्या रणातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत असे मानणारा हरियाणातील रोड समाजही येतो.

काही वर्षांपूर्वी गुरुग्रामात नोकरीस असलेले एक नवविवाहित मराठी जोडपे माझ्याकडे आले. त्यांची पहिली संक्रांत होती. नव्या नवरीने काळी चंद्रकळा नेसावी, अंगावर काटेरी हलव्याचे दागिने घालावेत, जावयाच्या गळ्यात हलव्याचा हार आणि हातात हलव्याचा नारळ द्यावा, आणि दोघांचा फोटो काढावा, ही आपली रीत. जोडप्याचे इतके अस्सल मराठी छायाचित्र दुसरे नाही असे मी मानतो. या दोघांना हा फोटो काला अंब येथे काढावयाचा होता, आणि तोही 14 जानेवारीलाच.

मुलाच्या मनात आणखी एक बेत होता. 2019 साली ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट आल्यापासून पेशवाई पोशाखाची हौस फार वाढली आहे. त्याला पगडी, अंगरखा आणि तलवार भाड्याने आणून भाऊसाहेब व्हावयाचे होते, आणि पत्नीला पार्वतीबाई करावयाचे होते. मी त्याला एवढेच विचारले, की भाऊसाहेब आणि पार्वतीबाई त्या दिवशी त्या मैदानावर एकमेकांपासून कायमची दुरावली, हे ध्यानात आहे ना? तो क्षणभर गप्प राहिला. मग मुलगीच म्हणाली, ‘तलवार नको.’

एवढ्याने प्रश्न संपला नाही. दुसऱ्या दिवशी सांगलीहून मुलीच्या आजींचा फोन आला. आवाज करारी होता. ‘अहो, पोरीची पहिली संक्रांत, आणि तुम्हाला फोटो काढायला दुसरी जागा मिळेना होय? तिथं आपली माणसं पडली. त्या मातीत हिनं काळं लुगडं नेसून हसत उभं राहायचं?’ या प्रश्नाला तोडीस तोड उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ते असावे असेही नाही. दोन मोती गळाल्याचा सांकेतिक निरोप ज्या रणातून दक्षिणेस पोहोचला, ती भूमी म्हणजे सहलीची जागा नव्हे. मी त्यांना पार्वतीबाईंची आठवण दिली. पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या आणि तेथून जिवंत परत आल्या. भाऊसाहेब पडल्याचे त्यांनी कधीच मान्य केले नाही. त्या सौभाग्यलेणे लेऊनच राहिल्या. पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, 1776 साली त्याचा शेवट झाला, त्यावर न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटकही लिहिले. परंतु तोतयापेक्षा मला त्या बाईच्या कपाळावरचे कुंकू अधिक मोठे वाटत आलेले आहे. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मग असं करा. बाकी काही दिसो न दिसो, पोरीचं कपाळ नीट दिसू दे.’

श्रोतेहो, शेकडो नमुने चाळून जी कल्पना मिळाली नसती, ती त्या वृद्ध बाईंनी एका वाक्यात दिली. त्या दिवसाचे सगळे तंत्र मग त्या कुंकवाभोवती ठरले.

हे तंत्र थोडे तपशिलाने सांगतो; पुष्कळांना उपयोगी पडेल. चंद्रकळा काळी, हलवा पांढरा, आणि चेहरा या दोहोंच्या मधला. कॅमेऱ्यातील स्वयंचलित प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. काळे वस्त्र पुष्कळ दिसले की तो प्रकाश वाढवितो. मग काळा रंग राखाडी होतो आणि हलव्याचे काटे जाऊन नुसते पांढरे ठिपके उरतात. उलट जानेवारीतले पानिपतचे दाट धुके दिसले की तो प्रकाश कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून त्याच्यावर विसंबू नये. मोजणी चेहऱ्याजवळ जाऊन करावी आणि ती कायम ठेवावी. दुसरी गोष्ट, दोन चेहरे. एकट्याचे चित्र काढताना भिंगाचे छिद्र मोठे ठेवून मागचे सारे अस्पष्ट करण्याची हौस असते. जोडप्याच्या बाबतीत तेच केले, की एकाचे डोळे स्पष्ट येतात आणि दुसरा धूसर होतो. संसारात कोणाचे महत्त्व किती, याचा निकालच छायाचित्रकार देऊन बसतो! छिद्र लहान करावे आणि दोघांना भिंगापासून सारख्या अंतरावर उभे करावे. फार रुंद भिंग वापरू नये. त्याने कडेचा मनुष्य फाकतो, आणि जोडप्यात कोणी ना कोणी कडेला असतेच.

उन्हाची मात्र काळजी नसते. 14 जानेवारीला पुण्यास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 50 अंश वर चढतो, तर पानिपतास सुमारे 39 अंशच. त्यामुळे धुके विरल्यावर दिवसभर तिरपे, मवाळ ऊन मिळते, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडत नाहीत. आमची अडचण निराळीच झाली. धुक्यातील ओलाव्याने हलवा चिकट होऊ लागला, आणि मुलीच्या बाजूबंदाची गाठ सुटली. दागिना दंडाला चिकटून लोंबू लागला. मुलाने हातमोजे काढले. थंडीने त्याची बोटे बधिर झाली होती, गाठ काही बसेना. मुलगी आधी हसली, मग हसणे थांबवून हात स्थिर धरून उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे स्तंभाकडे पाहू लागली. कपाळ उजेडात होते. मी त्या दोघांना काहीही सांगितले नाही. मला वेरूळचा तो हात आठवत होता.

त्या चित्रात स्तंभ आहे, पण दूर, धुक्यात अर्धवट. तो मध्यभागी आणि ठळक घेतला असता तर ती दोघे प्रवासी दिसली असती. अजिबात वगळला असता, तर सांगलीचे अंगणही चालले असते. स्मारकाच्या जागी जोडप्याचा फोटो काढताना स्मारकाला किती जागा द्यावी, हा प्रश्न प्रत्येकाने नव्याने सोडवावा लागतो. त्याचे माप मला तरी ठाऊक नाही. मात्र काही गोष्टी तेथे करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. धूर सोडू नये, कठड्यावर चढू नये, आणि कोणी हात जोडून उभा असेल तर त्याच्या मागे उभे राहून ‘थोडे बाजूला व्हा’ असे म्हणू नये.

त्याच दिवशी तेथे आणखी जोडपी होती, आणि त्यांच्याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेच्या मोटारींतून वयस्क मंडळी उतरत. धोतर, कोट आणि टोपी घातलेले गृहस्थ, नऊवारी नेसलेल्या त्यांच्या पत्नी. दोघे स्तंभाजवळ जात, नमस्कार करीत, आणि मग बरोबरच्या एखाद्या मुलाला फोटो काढावयास सांगत. दोघांमध्ये हातभर अंतर. हात सरळ, पाय जुळलेले, नजर थेट समोर. तो मुलगा ओरडे, ‘आजोबा, जवळ या! आजी, हसा जरा!’ आजोबा अर्धे पाऊल सरकत आणि पुन्हा तसेच ताठ. ते हातभर अंतर पुसून टाकण्याचा अधिकार त्या मुलाला कोणी दिला? पंढरपुरास विठोबा एका गाभाऱ्यात आणि रुक्मिणी वेगळ्या मंदिरात उभी आहे, म्हणून त्यांना कोणी जोडपे म्हणावयाचे थांबले आहे काय? कित्येक घरांत चाळीस-चाळीस वर्षांचा संसार एवढेच अंतर राखून झालेला असतो. शेतावर तो पुढे चालतो, ती मागून, आणि वाटेत काटा दिसला तर तो न बोलता पायाने बाजूला सारतो. शिवाय तेथे ती दोघे एकमेकांसाठी उभी नव्हतीच. गावाकडून इतक्या लांब, गेलेल्या माणसांपुढे हजेरी लावावयास आली होती, आणि हजेरीला मनुष्य सरळच उभा राहतो. मी त्यांचे काही फोटो काढले ते तसेच, ताठ, पायापासून पागोट्यापर्यंत. जवळच एक हरियाणवी जोडपे होते. त्या बाईंनी घुंघट घेतला होता आणि तो त्यांनी दूर केला नाही. यजमानांनी तिच्या खांद्यावर आपल्या खेसाचे एक टोक टाकले, कारण गार वारा सुटला होता. चेहरा न दिसताही ते पुरेसे होते.

येथे एक परदेशी उदाहरण आठवते. 8 डिसेंबर 1980 रोजी न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅनी लिबोवित्झ ही छायाचित्रकार गायक जॉन लेनन आणि त्यांची पत्नी योको ओनो यांचे चित्र काढावयास गेली. दोघांनीही वस्त्रे उतरवावीत अशी तिची कल्पना होती. पत्नीने नकार दिला, पती तयार झाला. लिबोवित्झने आपला हट्ट सोडला आणि जशी होती तशीच दोघांना राहू दिले : एक पूर्ण पोशाखात निश्चल, दुसरा उघडा आणि लहान मुलासारखा तिला बिलगलेला. त्याच रात्री लेनन यांची हत्या झाली. आपल्या अभिरुचीला ते चित्र रुचो न रुचो, ते घडले मात्र पत्नीच्या नकारातून. आमच्या मुलीचे ‘तलवार नको’ आणि आजोबांचे ते हातभर अंतर हे मला त्याच जातीचे वाटते. जोडपे ‘नाही’ म्हणते तेथे छायाचित्रकाराने कान द्यावा. पुष्कळदा आपण शोधत असतो ते तेथेच असते.

आता एक व्यवहाराची सूचना, जी मी प्रत्येक तरुण छायाचित्रकाराला देतो. जोडप्याचा फोटो दिला, की त्याची निदान एक प्रत कागदावर काढून द्यावी. भ्रमणध्वनीतले चित्र त्या यंत्राबरोबर जाते. आणि कागदावरच्या प्रतीमागे मऊ पेन्सिलीने लिहावे. शाई पुढल्या बाजूस उतरते. जुन्या घरांतील जोडप्यांचे फोटो उलटून पाहिले, तर बहुधा एवढेच आढळते : अमुक अमुक, सपत्नीक. पत्नीचे नाव नाही. नातवंडांना विचारावे, तर त्यांनाही आजोबांचे नाव ठाऊक असते आणि आजीला सारी ‘आजी’च म्हणत आलेली असतात. तेव्हा दोघांचीही नावे लिहावीत, आईवडिलांनी तिला ठेवलेले नाव असेल तर तेही लिहावे, खाली तारीख आणि जागा. सांगलीस पाठविलेल्या प्रतीवर मी तसे लिहिले. ती आजींनी देवघरात ठेवली नाही, बैठकीतही लावली नाही. स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावरच्या फळीत, जेथून चुलीपाशी उभे राहिले की कपाळ दिसते, अशा ठिकाणी ठेवली आहे, असे त्यांच्या नातीने मला कळविले.